वरची कवळी

झावबावाडीत, दुसऱ्या मजल्यावर,
तळपद्यांच्या कारखान्यात (ते कारखानाच म्हणतात)
खिडकीत एकोणीस जबडे वाळत ठेवलेले.
कुणाचे, कुणाला ठाऊक. सगळे एकाच मापाचं हसत होते.

मी एकतीस वर्षं सौंदर्यशास्त्र शिकवलं.
पहिल्या तासाला फळ्यावर मधोमध रेघ मारायचो,
इकडे ग्रीस, तिकडे आपण.
इकडे प्रमाण, मोजपट्टी, संगमरवराची सरळ नाकं.
तिकडे रस, म्हणजे चव, म्हणजे जीभ.
गोडी पानात की जेवणाऱ्यात?
मुलं लिहून घेत. मागच्या बाकावर कुणीतरी डबा उघडलेला असे.

तळपदे शेड कार्ड समोर धरतात.
सोळा दात, दुधापासून चहाच्या डागापर्यंत.
"सर, लोक पहिला मागतात. तुम्हाला अकरावा शोभेल."
शोभेल!
या एका शब्दावर मी अख्खं सत्र घालवलं होतं,
आणि हा माणूस तो मेणाच्या सुरीवर उचलून
जागच्या जागी बसवतो.

कार्ड उजेडात नेलं.
पहिला दात अगदी ग्रीकांच्या मनातला.
वर कुठेतरी असलेला, एकच, मूळचा,
आपले सगळे दात ज्याची बिघडलेली नक्कल.
पण याने कधी काही चावलेलं नाही.
ना ऊस, ना ओठ.

"रांग सरळ लावू, की होते तसेच?"
होते कसे?
आठवेना.
जन्मभर तोंडात बाळगलेली गोष्ट
मी धड पाहिलीच नव्हती,
आरशात फक्त दाढी पाहत आलो.

शरयू बाकावर, पिशवी मांडीत घेऊन.
म्हणाली, "डावा सुळा पुढे होता जरा.
हसू यायच्या आधी तो यायचा."
एवढंच. मग पिशवीत पावती शोधू लागली.

एक जर्मन विचार मी फार आवडीने शिकवायचो:
काहीही नको असताना पाहावं,
तेव्हा दिसतं ते सुंदर.
हिला तर चव्वेचाळीस वर्षं काही ना काही हवंच होतं.
रॉकेल, विजेचं बिल, गुडघ्याचं तेल,
मी एकदा तरी वेळेवर घरी येणं.
या सगळ्या हवं-नकोतून
तो सुळा तिला दिसत राहिला.
मराठीत देखणा म्हणतात
तो पाहण्याजोगा असतो की पाहणारा,
हे मी परीक्षेत कधी विचारलं नाही.

आठवड्याने कवळी बसली.
"काहीतरी बोला, सर."
सौंदर्य, म्हणालो. शीळ वाजली.
शास्त्र. पुन्हा शीळ.
शरयू, म्हणालो, आणि तीही शीळच झाली,
भर दुपारी, या वयात, तळपद्यांच्या देखत.
ती पदर तोंडाला लावून हसली.
"सवय होईल. पेपर मोठ्याने वाचत जा," तळपदे म्हणाले.

टाळू झाकली गेली त्याचं मात्र कुणी बोललं नव्हतं.
घरी आमटी लागली ती शेजारच्या घरची असल्यासारखी.
रस आठ की नऊ, यावर भांडलेला मी,
एकही नीट येईना.

वडील भांडुपच्या मिठागरात हजेरी लिहायचे.
लवण, त्यावरून लावण्य, मी कॉलेजातून शिकून आलो
आणि त्यांना ऐटीत सांगितलं.
पंडितांनी त्याला मोत्याच्या पाण्याची उपमा दिलीय वगैरे.
ते म्हणाले, "असेल.
पण तळ नीट तुडवला नाही ना,
तर मीठ काळं येतं."

रात्री कवळी काढून पेल्यात ठेवली.
पाण्यात डावा सुळा जरा पुढे.
अंधारात स्वयंपाकघरात गेलो, डबा चाचपला,
उघड्या टाळूवर एक खडा धरला.
"काय करताय तिकडे?"
काही नाही, म्हणालो. मीठ.
दात नव्हते, तरी तिला कळलं.